वाळवंटातील पाण्याचा हिशेब आणि आपल्या उन्हाळी मोहिमा

माननीय संपादक महोदय,

स.न.वि.वि.

एप्रिल-मे महिन्यांत सह्याद्रीतील किल्ल्यांवरच्या मोहिमांच्या जाहिराती दिसू लागल्या, की मला कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात चाललेला एक दिवस आठवतो. त्या दिवशी जे शिकलो ते आपल्याकडच्या ट्रेकर मंडळींपर्यंत पोहोचावे, या तळमळीने हे पत्र लिहीत आहे.

नोकरीनिमित्त मी सॅन डिएगो येथे राहतो. मेक्सिकोच्या सीमेवरील कॅम्पोपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणारी, सुमारे 4,265 किलोमीटर लांबीची ‘पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल’ ही पायवाट आमच्याच जिल्ह्यात सुरू होते आणि तिचे पहिले सुमारे 1,100 किलोमीटर बहुतांशी कोरड्या, वाळवंटी मुलखातून जातात. त्यातील सिझर्स क्रॉसिंग ते बॅरल स्प्रिंग या सुमारे 38 किलोमीटरच्या टप्प्यात नैसर्गिक पाणी मिळत नाही. मध्यावर, साधारण 22 किलोमीटरवर, ‘थर्ड गेट’ नावाच्या ठिकाणी स्वयंसेवक पाण्याचे कॅन आणून ठेवतात. मात्र तेथे पाणी असेलच असे समजून कोणी निघू नये, असे सगळे जाणकार बजावतात.

आम्ही दोघे मित्र पहाटे चारला, डोक्याला दिवे बांधून निघालो. प्रत्येकाकडे सहा लिटर पाणी, म्हणजे पाठीवर सहा किलो वजन केवळ पाण्याचे होते. सिझर्स क्रॉसिंग समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार फुटांवर आहे आणि तेथून वाट सॅन फेलिपे टेकड्यांवर चढू लागते. ती सरळ जात नाही. डोंगराच्या प्रत्येक घडीत आत शिरते, पुन्हा बाहेर येते, आणि खाली दरीतला डांबरी रस्ता मात्र दिवसभर जवळच असल्यासारखा दिसत राहतो. ओकोटिलोच्या काटेरी छड्यांच्या टोकांना लालभडक फुले आली होती. ते झाड पुरुषभर उंचीहून मोठे होते, पण त्याच्या सावलीत माणसाचा एक हातही मावत नाही.

या हवेत घाम आल्याचे कळतच नाही, कारण तो येताक्षणी वाळून जातो. नऊच्या सुमारास मी सदऱ्याच्या बाहीवर हात फिरवला, तेव्हा मिठाची पांढरी पूड बोटांना लागली. तेवढ्यावरून शरीरातून काय निघून गेले आहे, याची कल्पना आली.

अकराच्या सुमारास माझा मित्र मागे पडू लागला. आधी त्याने डोके दुखत असल्याचे सांगितले, मग तो विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देऊ लागला, आणि थांबल्यावर त्याला पाठीवरच्या सॅकचे बकल सोडवता येईना. रोज हातातले काम, तरी बोटे त्यावरून नुसती घसरत होती. मी सॅक उतरवून पाहिली तर सहापैकी साडेचार लिटर पाणी तसेच शिल्लक होते. पुढे पाणी मिळाले नाही तर काय, या भीतीने तो ते राखून ठेवत आला होता. एका मोठ्या खडकाच्या आडोशाला त्याला बसवले, सदरा भिजवून अंगावर घातला, टोपीने वारा घातला आणि मीठ-साखर घातलेले पाणी घोटाघोटाने दिले. दीड तासाने तो नीट बोलू लागला. ऊन उतरेपर्यंत आम्ही तेथून हललो नाही आणि थर्ड गेटला अंधार पडताना पोहोचलो. सुदैवाने कॅन भरलेले होते. आम्ही गरजेपुरतेच घेतले, कारण मागून येणाऱ्यांनाही ते लागणार होते.

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे, पण सौम्य नाही. कोकणकड्याच्या बाजूला हवा दमट असल्याने घाम वाळत नाही, त्यामुळे तो कितीही आला तरी शरीर थंड होत नाही. किल्ल्यावरची टाकी मे महिन्यात कोठे आटलेली, कोठे गाळाने भरलेली असतात. असे असताना, मागच्या सुट्टीत मी ज्या मोहिमेत सहभागी झालो, तिची बस पायथ्याला साडेनऊला पोहोचली आणि ‘प्रत्येकी एक लिटर पाणी आणावे’ एवढीच सूचना होती. चढताना दोन मुलींना चक्कर आली. आयोजकाजवळ साखर-मिठाचे पाकीटही नव्हते, याचे मला आजही दुःख वाटते.

राज्य सरकारने 2021 मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले आहे. त्याच्या अंमलबजावणीत उन्हाळी मोहिमांसाठी काही गोष्टी सक्तीच्या कराव्यात, अशी माझी विनंती आहे. चढाई उजाडण्यापूर्वी सुरू व्हावी आणि दुपारचे चार तास सावलीत काढावेत. वाटेत पाणी कोठे आहे, ते अलीकडे कोणी आणि कधी पाहिले, हे जाहिरातीतच लिहिलेले असावे. प्रत्येकी किमान चार लिटर पाणी सोबत नसेल त्याला पायथ्यावरूनच परत पाठवावे, आणि पाणी नुसते सोबत आहे की प्यायले जात आहे, हे दर तासाला थांबून पाहण्याची जबाबदारी मोहीमप्रमुखावर असावी.

आपला,
एक वाचक, सॅन डिएगो (कॅलिफोर्निया)