आधी मोजू द्या, मग रंगवू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

५ जून जवळ आला की शाळाशाळांत पर्यावरणाच्या चित्रस्पर्धा होतात आणि दरवर्षी साधारण तीच चित्रे येतात: अर्धी हिरवी, अर्धी जळालेली पृथ्वी, तिच्या डोळ्यांत अश्रू आणि खाली एक घोषवाक्य. मुले ती मनापासून काढतात, पण त्यातून हवामानबदलाबद्दल त्यांना नवे काही कळत नाही. उलट ओझोनचे छिद्र, प्लास्टिकचा कचरा आणि तापमानवाढ या तीन वेगळ्या गोष्टींची एकाच कागदावर सरमिसळ होते आणि ती पुढे वर्षानुवर्षे टिकते. प्राथमिक वर्गात चित्रकला ही विज्ञानाचा तास संपल्यावरची करमणूक असू नये. मुलांनी जे मोजले, तेच त्यांनी रंगवावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

बर्फाचा प्रयोग पाहा. तळ साधारण १५ बाय १० सेंटिमीटर असलेले दोन सारखे पारदर्शक डबे घ्या. दोन्हींत तेलकट खेळमातीचा सारखाच गोळा ठेवा. साधी माती नको, ती पाण्यात विरघळते आणि पाणी गढूळ होते. पहिल्या डब्यात गोळ्याचा सपाट माथा पाण्याबाहेर राहील असा उभा थापा आणि त्यावर बर्फाचे पाच खडे ठेवा. ही जमीन. दुसऱ्यात गोळा तळाशी चपटा करून पाच खडे पाण्यात तरंगू द्या. ते खाली टेकता कामा नयेत, म्हणून गोळ्यावर पाच-सहा सेंटिमीटर पाणी हवे. बर्फ ठेवून झाल्यावरच पातळीची खूण करा. घाईत आधी खूण केली की प्रयोग तिथेच फसतो, कारण तरंगणारा बर्फ पाण्यात पडताक्षणीच पातळी वाढवतो. आता प्रत्येक मुलाने वहीत दोन्ही डबे काढून बर्फ वितळल्यावर पाणी कुठवर येईल ते निळ्या रेघेने दाखवायचे. ही रेघ नंतर खोडू देऊ नये. दर पंधरा मिनिटांनी पातळी पाहायची आणि शेवटी खरी रेघ लाल रंगाने ओढायची.

वीस-वीस ग्रॅमचे खडे असतील तर पहिल्या डब्यात पाणी सहा-सात मिलिमीटर चढते, दुसऱ्यात जवळजवळ हलत नाही. डबा मोठा घेतला, समजा ३० बाय २०, तर तेवढ्याच बर्फाने पातळी दोन मिलिमीटरही वाढत नाही आणि मुलांना फरक दिसत नाही. 'समुद्र खारट असतो' म्हणून पाण्यात मीठ घालायचा मोह होतो, तोही टाळावा. खारे पाणी जड असल्याने तरंगता बर्फ वितळूनही पातळी किंचित वाढते आणि साधा मुद्दा अवघड होऊन बसतो. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाचा जमिनीवरचा बर्फ एकीकडे, उत्तर ध्रुवाजवळचा तरंगता बर्फ दुसरीकडे, हा फरक त्या दोन लाल रेघांतून नऊ वर्षांच्या मुलालाही कळतो. समुद्र चढण्याचे दुसरे कारण म्हणजे पाणी तापून फुगणे. १९७१ ते २०१८ मधील वाढीचा सुमारे निम्मा वाटा त्याचाच आहे. त्यासाठी रंगीत पाण्याने काठोकाठ भरलेली छोटी काचेची बाटली, बुचातून घातलेली पारदर्शक नळी आणि कोमट पाण्याचे भांडे पुरते. नळीभोवतीची फट मात्र खेळमातीने नीट बुजवा.

एक प्रयोग मात्र करू नये, आणि नेमका तोच सगळीकडे केला जातो. एका बरणीत व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा घालून कार्बन डायऑक्साइड भरायचा, दुसरीत साधी हवा ठेवायची, दोन्हींवर दिवा लावायचा आणि पहिली जास्त तापली की 'हाच हरितगृह परिणाम' असे सांगायचे. या धर्तीच्या प्रयोगांत कार्बन डायऑक्साइडऐवजी आर्गॉन वापरला तरी तापमान तसेच वाढते, हे २०१० मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मधील एका शोधनिबंधाने दाखवले. आर्गॉन उष्णतेची प्रारणे शोषत नाही. पण दोन्ही वायू हवेपेक्षा जड असल्याने बाहेरच्या हवेत चटकन मिसळत नाहीत, म्हणून उष्णता आत राहते. निष्कर्ष बरोबर येतो, कारण भलतेच असते. मुलांना चुकीच्या कारणाने पटवणे आम्हाला मान्य नाही.

त्याऐवजी मैदानावर नाट्यखेळ घ्या. दहा पावलांच्या अंतरावर दोन रेघा आखा, एक आकाश आणि एक जमीन. दर पाच सेकंदांनी पिवळी फीत (म्हणजे सूर्यप्रकाश) घेतलेले एक मूल आकाशाकडून जमिनीकडे धावते, तिथे फीत बदलून लाल (म्हणजे उष्णता) घेते आणि चालत परत निघते. मध्ये आखलेल्या वर्तुळांत दोन मुले 'वायू' म्हणून हात पसरून उभी राहतात. पिवळ्याला त्यांनी अडवायचे नाही, लालला हात लावायचा. हात लागला की वायूच्या पिशवीतून न बघता एक बटण काढायचे: पांढरे निघाले तर पुढे आकाशाकडे, काळे निघाले तर पुन्हा जमिनीकडे. दोन्ही रंगांची बटणे सारखीच हवीत, कारण वायू शोषलेली उष्णता वर-खाली दोन्हीकडे सोडतो. (नाणेफेक करू नये, नाणी मातीत हरवतात आणि खेळ थांबतो.) दर मिनिटाला शिट्टी वाजवून मैदानातले लाल मोजा. मग वायूची मुले सहा करून तोच खेळ पुन्हा घ्या. लाल वाढतात आणि काही वेळाने वरच्या आकड्यावर स्थिरावतात. वायूची मुले वर्तुळ सोडून पाठलाग करू लागली की खेळाचा अर्थ जातो, आणि पंचवीसपेक्षा कमी मुले असतील तर रांग संपून क्रम तुटतो. मिळालेले आकडे लाल कागदाच्या पट्ट्या कापून भिंतीवर लावावेत.

चौथी-पाचवीसाठी सर्वांत चांगले काम तापमानाच्या रंगपट्ट्यांचे. ही पद्धत ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये लोकांपुढे आणली: एक वर्ष, एक पट्टी, थंड वर्ष निळे, उष्ण वर्ष लाल. १९६१ ते १९९० ची सरासरी शून्य धरून १९६१ पासूनच्या प्रत्येक वर्षाचा जगाच्या तापमानातला फरक घ्या. दशांश येत नसतील तर ०.३ ला ३ म्हणा. दर ०.२ अंशाला एक छटा धरली तर दोन निळ्या आणि सहा लाल मिळून काम भागते. फसगत होते ती रंगांत. प्रत्येक मुलाने आपापला रंग कालवला तर सारख्या तापमानाच्या दोन पट्ट्या वेगळ्या दिसतात. म्हणून आठही छटा एकदाच, झाकणाच्या डब्यांत भरपूर कालवा, डब्यांवर आकडे लिहा आणि एका गटाकडे एकच छटा द्या. जलरंग वाळल्यावर फिका पडतो. छटा ठरवताना वाळलेला नमुनाच पाहा.

पट्ट्या ओळीने लावल्या की मुले स्वतःच विचारतात, १९९० आणि १९९१ नंतर १९९२, १९९३ फिकी का? जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनातुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्याच्या सल्फरच्या कणांनी दोनेक वर्षे सूर्यप्रकाश थोडा अडवला. एखादे थंड वर्ष आले म्हणजे तापमानवाढ थांबली असे नाही, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

आपल्या दैनिकाला एक विनंती. कमाल-किमान तापमान आपण रोज छापताच. महिन्याच्या पहिल्या रविवारी मागच्या महिन्याची सरासरी आणि त्याच महिन्याची तीस वर्षांची सरासरी शेजारी शेजारी छापावी, म्हणजे वर्गांना दर महिन्याला आपल्या पटावर एक पट्टी वाढवता येईल. त्या पटासाठी छटेची पायरी ०.२ ऐवजी ०.५ अंशाची ठेवावी लागेल, कारण एका ठिकाणचे तापमान साऱ्या जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त वर-खाली होते.

— विज्ञान आणि चित्रकला शिकवणारे दोन शिक्षक