मामा, तुमच्या त्या म्विकोबद्दल

मामा, शिकामू.

खरं तर वयाने मी मोठा, म्हणजे तुमच्याकडच्या रीतीने शिकामू तुम्ही मला म्हणायचं आणि मी नुसतं मराहबा म्हणून आशीर्वाद द्यायचा. पण आज उलटं चालवून घ्या.

(आपल्या लोकांसाठी सांगून टाकतो, नाहीतर गोंधळ होईल. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे चक्क बहीण. बाबा तेवढे दोन्हीकडे बाबाच. माझे केस पांढरे म्हणून पोट्टे मला बाबू म्हणायचे, मला वाटायचं सरकारी कचेरीतला बाबू, नंतर कळलं की बाबू म्हणजे आजोबा. मामा म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरातल्या मुख्य बाई. टांझानियात म्वान्झाच्या बाजूला व्हिक्टोरिया सरोवराजवळच्या एका खेड्यात देणग्यांवर चालणारी शाळा आहे, तिथे मी रिटायर झाल्यावर वर्षभर गणित शिकवलं.)

परत येऊन चार महिने झाले मामा, आणि आभार आज मानतोय. तिथे असताना असांते साना दिवसातून दहा वेळा म्हणायचो पण ते ताट घेताना, सवयीने. हे पत्र वेगळं आहे. मराठीत आहे म्हणून तुम्हाला वाचता येणार नाही, माझ्या मोडक्या स्वाहिलीत व्हॉइस मेसेज करून आपल्या गणिताच्या सरांच्या फोनवर पाठवतो, ते हसतील, हसू द्या.

पहिला दिवस आठवतो का? जेवण सा सबा ला, असं कुणीतरी सांगितलं. सबा म्हणजे सात एवढं मला येत होतं, म्हणून मी आपला खोलीत संध्याकाळच्या सातची वाट बघत बसलो. तुमच्याकडे घड्याळ सूर्य उगवल्यापासून मोजतात, सा सबा म्हणजे दुपारचा एक, हे मला कोण सांगणार! झाडाला टांगलेली ट्रकची रिम ठणठण वाजली तेव्हा वाटलं तास संपला (आमच्या झेडपीच्या शाळेत रेल्वेच्या रुळाचा तुकडा असायचा, आवाज अगदी तोच). तीन-साडेतीनला तुम्ही झाकलेलं ताट घेऊन दारात उभ्या. उगाली (मक्याच्या पिठाचा शिजवून घोटलेला घट्ट गोळा), घेवडा, आणि घेवड्यावर वाळवलेले बारीक मासे. त्या माशांना तिकडे दगा म्हणतात. पहिल्याच दिवशी दगा!

मी माळकरी माणूस. गळ्यात तुळशीची माळ आहे बावीस वर्षं. ज्या एजन्सीमार्फत आलो त्यांना हे फोनवर तीनदा आणि मेलवर दोनदा सांगितलं होतं, प्युअर व्हेजची सोय आहे सर, टेन्शन घेऊ नका, आणि फी घेताना तर किती गोड बोलणं. पोचल्यावर फोन केला तर म्हणे सर थोडं ॲडजस्ट करा, मासे बाजूला काढून खा ना. पैसे घेताना ॲडजस्ट नाही केलं त्यांनी, एक रुपया नाही सोडला. अर्थात त्यांना तरी काय बोलू, आमच्या नागपूरच्या पाहुण्यांकडे सावजीच्या पंगतीला बसलो की अजून ऐकावं लागतं, भाऊजी पीस नका घेऊ, रस्सा तर घ्या.

त्या दिवशी मी कडेची कोरडी उगाली मिठासोबत खाल्ली आणि ताट परत दिलं. तुम्ही ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता गेलात.

दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारलं, एखादी गोष्ट नियम म्हणून खायची नसेल तर स्वाहिलीत काय म्हणतात? ते म्हणाले, म्विको. तेवढा शब्द घोकत स्वयंपाकघरात आलो आणि म्हणालो, मिमी, समाकी, म्विको. तुमच्या हाताखालच्या दोघी पोरी हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या, कारण म्विको म्हणजे उगाली घोटायचा लाकडी चाटूसुद्धा! म्हणजे मी, मासा, चाटू. एकीने तो वल्ह्याएवढा चाटू उचलून माझ्या हातातच दिला.

तुम्ही नाही हसलात. म्हणजे थोड्या हसलात, पण आधी त्यांना गप्प केलंत आणि माझ्या माळेकडे बोट दाखवून विचारलंत, यामुळे का? मी हो म्हणालो. मग तुम्ही सांगितलंत, सरांनी इंग्रजीतून मला समजावलं, की तुमचं माहेर बुकोबाकडचं, तिथे हाया लोकांत प्रत्येक कुळाचा एक न खायचा प्राणी ठरलेला असतो, त्याला काय झालं, तुमच्या घरीही आहे. बस. एवढंच. आमच्याकडे कुळाचं देवक असतं तसंच की हे! म्हणजे भारतातल्या माणसाला जे पाच वेळा सांगून कळलं नाही ते तुम्हाला तीन चुकीच्या शब्दांत कळलं, आणि अंडं चालतं का, मासा म्हणजे व्हेजच ना, कोण बघतंय इथे, यातला एकही प्रश्न नाही.

तेव्हापासून माझा घेवडा वेगळ्या छोट्या सुफुरियात. कधी म्चिचा, म्हणजे आपला माठच हो, कधी कोबी, वर कांदा-टोमॅटोची कचुंबरी. साडेतीनशे पोरांची उगाली घोटायची म्हणजे काय असतं ते मी बघितलंय, दोघी दोन बाजूंनी उभ्या, धुराने डोळे लाल, कोपरापासून हात भरून आलेले. पहाटे पोरांच्या उजीचं, म्हणजे पातळ पेजेचं पातेलं, ते उतरलं की लगेच दुपारचं आधण. त्यात एका म्हाताऱ्याचं वेगळं भांडं. मला लाज वाटायची, मी दोन-तीनदा म्हणालोही की नको, तुम्ही हाताने हाकलून द्यायच्या.

पण मला जे खरं सांगायचंय ते पाचव्या महिन्यातलं. तुम्ही मयतीला बुकोबाला गेला होतात. मी सकाळी चहाला आलो तर धाकटी पोरगी सगळं स्वयंपाकघर उलटंपालटं करतेय, लाकडं हलव, गोण्या हलव (गुनिया म्हणतात तिकडे, आपलाच शब्द), आणि तोंडाने एकच, म्विको वा बाबू, म्विको वा बाबू. बाबूचा चाटू. माझ्या भांड्याला तुम्ही चाटूही वेगळा ठेवला होता! दांड्याला जुन्या कांगाची (तिकडच्या बायका गुंडाळतात ते कापड) निळी चिंधी बांधलेली, म्हणजे गर्दीत चुकून दगाच्या पातेल्यातला माझ्यात यायला नको. सापडला शेवटी, खिडकीवर उंच ठेवला होता तुम्ही. तिला विचारलं कधीपासून, तर म्हणाली पहिल्या आठवड्यापासून. वॉचमनला माहीत, पाणी आणणाऱ्या पोरांना माहीत, फक्त मला माहीत नाही. पाच महिन्यांत तुम्ही एकदाही बोलून दाखवलं नाही की बघा तुमच्यासाठी केवढं करतो.

मी तेवढं मागितलंच नव्हतं मामा. चाटूचा विचार तर माझ्याही मनात आला नव्हता, आणि माळ माझ्या गळ्यात आहे. त्या दिवशी चहा घशाखाली उतरेना. आमच्याकडे सोय केली की आधी फोटो काढतात, मग सोय होते. चांगुलपणा असा खिडकीवर उंच ठेवायचा असतो हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.

निघताना तो म्विको मागून घ्यावा असं फार वाटलं होतं, बॅगेत जागाही केली होती. मग वाटलं, नको, तुमच्याकडेच लागेल.

तो आता लागेलच, कारण जानेवारीत आमच्या ओळखीतला एक पोरगा येतोय, सायन्स शिकवायला. तो मासे खातो, सगळं खातो, माशांसाठी त्याचं भांडं वेगळं नको. फक्त कांद्याने त्याच्या पोटात दुखतं, तो स्वतः बोलायचा नाही, लाजतो. आणि सा सबा म्हणजे दुपारचा एक, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगा.