ट्रेडमिलवरची वीस मिनिटांची मर्यादा आणि नवख्यांचा दमसास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गृहनिर्माण संस्थांच्या व्यायामशाळांत ट्रेडमिलच्या शेजारी बहुधा एक पाटी लावलेली असते : 'गर्दीच्या वेळी प्रत्येकी वीस मिनिटेच वापर करावा.' आमच्या डोंबिवलीच्या वसाहतीतही ती होती. यंत्र सर्वांना मिळावे हा त्या पाटीमागचा हेतू चांगलाच आहे. परंतु चाळिशी-पन्नाशीत प्रथमच धावू पाहणाऱ्या माणसाचा दमसास वाढण्यात ही पाटी मोठा अडथळा ठरते, असे गेल्या दीड वर्षाच्या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे. अडथळा सहज दूर करता येतो आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च होत नाही, म्हणून आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून ही बाब इतर संस्थांच्या कानावर घालावी असे वाटले.

मी ४८ वर्षांची असून मुंबईतील एका कार्यालयात नोकरी करते. सकाळी लवकरची लोकल पकडायची आणि रात्री आठच्या सुमारास घरी पोहोचायचे, अशा दिनक्रमात धावण्यासाठी उरते ती रात्री नऊची वेळ. त्या वेळी आमच्या भागातील रस्त्यांवर कुठे खोदकाम चाललेले असते, कुठे दिवे बंद असतात आणि भटकी कुत्री तर असतातच. एकट्या स्त्रीने निर्धास्तपणे धावावे अशी ती जागा नव्हे. 'यंत्रावर काय धावायचे, मोकळ्या हवेत धावा' हा सल्ला चुकीचा नाही, पण तो पाळण्यासाठी लागणारा रस्ता आणि लागणारी सकाळ प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. त्यात पावसाळ्याचे चार महिने धरले, तर माझ्यासारख्या असंख्य नोकरदार स्त्रियांना धावण्याची हक्काची जागा म्हणून हा दीड हात रुंदीचा पट्टाच उरतो. तेव्हा तो नीट वापरता यावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

मी सुरुवात केली ती जवळच्या एका व्यायामशाळेत, रीतसर पैसे भरून. पहिल्याच दिवशी तिथल्या प्रशिक्षकाने मला पट्ट्यावर उभे केले, दोन मिनिटे चालू दिले आणि वेगाचा आकडा थेट ९ वर नेला. ताशी ९ म्हणजे एक किलोमीटर सहा मिनिटे चाळीस सेकंदांत, हा हिशेब मला तेव्हा ठाऊक नव्हता. पहिले मिनिट बरे गेले. दुसऱ्या मिनिटाला घसा कोरडा पडला, उजव्या बरगडीखाली चमक निघू लागली, आणि पडद्यावर दोन मिनिटे चाळीस सेकंद दिसत असताना मी लाल बटण दाबून कठडा घट्ट धरून उभी राहिले. छातीचे ठोके कानांत ऐकू येत होते. "मॅडम, स्टॅमिना अजिबातच नाही तुमचा. रोज थोडं थोडं वाढवू," असे तो म्हणाला, आणि रोज आम्ही तोच वेग घेऊन तेच केले. बारा दिवसांनी मी सव्वातीन मिनिटांपर्यंत पोहोचले होते आणि सायंकाळ झाली की मला तिथे जायची धास्ती वाटू लागली होती. मी जाणे सोडले. पुढचे चार महिने, धावणे आपल्या प्रकृतीला झेपणारे नाही, असेच मी धरून चालले होते.

तो समज दूर झाला डॉक्टरांच्या दवाखान्यात. रक्तदाब थोडा वाढलेला आढळल्यामुळे त्यांनी मला टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून केली जाणारी हृदयाची तपासणी, करून घ्यायला सांगितले. ही तपासणी बहुतेक ठिकाणी ज्या पद्धतीने होते, ती अमेरिकेतील सिएटल येथील हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांनी बसवलेली असून १९६३ पासून त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिचा पहिला टप्पा असतो ताशी अवघ्या २.७ किलोमीटर वेगाचा, १० टक्के चढावर. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढत जातात, तरी तिसऱ्या टप्प्यालाही वेग ५.४ च्या पुढे जात नाही. रुग्णाचे हृदय पुरते दमवून पाहणे हाच जिचा उद्देश आहे, ती तपासणीसुद्धा बाजारात भाजी घेत फिरण्याच्या वेगाने सुरू होते. आणि आपण मात्र वर्षानुवर्षे खुर्चीवर बसलेल्या माणसाला पहिल्या दिवशी ९ च्या वेगाने पळवतो, हे मला तपासणीनंतर तिथल्या टेबलावर पडल्यापडल्या लख्ख जाणवले. अहवाल चांगला आला. डॉक्टरांनी धावायला परवानगी दिली आणि एकच अट घातली : धावताना एक संपूर्ण वाक्य न थांबता बोलता आले पाहिजे, ज्या वेगाला वाक्य तुटते, तो वेग तूर्त आपला नाही.

या साध्या कसोटीमागे शरीराचे शास्त्र आहे. वेग झेपेनासा झाला की स्नायूंना हवा तेवढा प्राणवायू मिळत नाही, धाप लागते आणि काही मिनिटांतच थांबावे लागते; म्हणजे ज्या कामातून दमसास वाढायचा, ते काम सुरू होण्यापूर्वीच संपते. याउलट बोलता येईल इतक्या संथ वेगाने वीस-तीस मिनिटे शरीर हलते राहिले आणि हे आठवडेच्या आठवडे होत राहिले, तर हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते, पायांच्या स्नायूंभोवती केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि पेशींमधील ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांची संख्या वाढते. हे सारे बदल घडतात ते साचत गेलेल्या वेळेमुळे. तालमीतला जाणता वस्ताद नवख्या पोराला पहिल्याच दिवशी शेकड्यांनी बैठका मारायला लावत नाही, सूर्यनमस्कारही बारापासून सुरू करून चढवत नेतात. तालमीच्या मातीत ही समज मुरलेली आहे. यंत्र विजेवर चालू लागले म्हणून ती जुनी झाली असे नाही.

धावण्याच्या जगातही ही गोष्ट नवी नाही. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे बुटांच्या कारखान्यात काम करणारे आर्थर लिडियार्ड हे प्रशिक्षक आपल्या ८०० मीटरच्या धावपटूंनाही आठवड्याला १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर धावायला लावत, आणि वेगाचा सराव त्या पायावर नंतर चढवत. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या पीटर स्नेल यांनी ८०० मीटरचे आणि मरे हालबर्ग यांनी ५,००० मीटरचे सुवर्णपदक एकाच दिवशी मिळवले. मला मात्र त्या पदकांपेक्षा त्यांचे पुढचे काम अधिक मोलाचे वाटते. त्यांनी ऑकलंडमध्ये मध्यमवयीन, स्थूल आणि हृदयविकारातून उठलेल्या माणसांना गप्पा मारत संथ धावायला शिकवले. १९६२ च्या अखेरीस अमेरिकेतील नामवंत प्रशिक्षक बिल बोवरमन तिथे गेले, तेव्हा पन्नाशी ओलांडलेले ते स्वतः त्या घोळक्यातल्या आपल्याहून वयस्क माणसांच्या मागे पडले. मायदेशी परतल्यावर त्यांनी ओरेगॉनमध्ये सामान्य नागरिकांसाठी असेच धावणे सुरू केले, आणि 'जॉगिंग' अमेरिकेत घरोघरी पोहोचण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

आता माझ्या सरावाविषयी, कारण पाटीचा प्रश्न तिथेच येतो. डॉक्टरांच्या परवानगीनंतर मी आमच्या वसाहतीतील यंत्रावर आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड जाऊ लागले. पहिली पाच मिनिटे ४.५ च्या वेगाने चालायचे, मग एक मिनिट ६.५ ने धावायचे आणि दोन मिनिटे पुन्हा चालायचे, असे आठ वेळा, आणि शेवटी पाच मिनिटे वेग उतरवत चालायचे. ६.५ चा वेग इतका संथ असतो की शेजारच्या पट्ट्यावरचा माणूस त्याच आकड्याला झपझप चालत असतो, आणि आपण धावतो आहोत याचाच संकोच वाटतो. तो संकोच गिळावा लागतो. दोन आठवड्यांनी चालण्याची मिनिटे एकावर आणली, पुढे धावण्याची मिनिटे दोन, तीन, पाच अशी वाढवत नेली, आणि वेगाला हात लावला नाही. चौथ्या महिन्यात एके रात्री मी न थांबता २० मिनिटे धावले. आज मी ७.५ च्या वेगाने ४० मिनिटांत ५ किलोमीटर पुरे करते, आणि धावता धावता शेजारणीशी बोलते.

वाचकांनी पाच, चोवीस आणि पाच यांची बेरीज करून पाहावी. ती ३४ मिनिटे होते, आणि पाटी वीस मिनिटांची असते. अशा वेळी माणूस काय करतो, हे मी रोज पाहत होते. तो सुरुवातीचे चालणे गाळतो, शेवटचे चालणे गाळतो, आणि मिळालेल्या वेळाचे चीज व्हावे म्हणून उरलेल्या मिनिटांत वेग वाढवतो. म्हणजे नवख्या माणसाने जे जे करू नये, ते ते ही पाटी त्याच्याकडून करून घेते. शेवटी पट्टा एकदम थांबवून उतरल्यावर जमीन सरकल्यासारखे वाटून तोल गेलेले दोन सभासद मी स्वतः सावरले आहेत.

घाईचा फटका मलाही बसला. सातव्या आठवड्यात दम चांगला टिकू लागला, म्हणून मी एकाच वेळी वेगही वाढवला आणि सलग चार दिवस धावले. पाचव्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला अशी कळ आली की जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागला. दहा दिवस बंद ठेवावे लागले. हृदय आणि श्वास काही आठवड्यांत तयार होतात. हाडे आणि स्नायूबंध मात्र त्यांच्या मागून, महिन्यांच्या हिशेबाने तयार होतात. दम आला म्हणून पायही तयार झाले, असे नसते, आणि नवख्यांच्या दुखापतींचे एक मोठे कारण या अंतरात आहे. एक दिवसाआड धावण्याला महत्त्व आहे ते यासाठी.

यंत्राच्या वापराबाबतही काही गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते. कठडा धरून धावल्यास शरीराचा भार हातांवर जातो, श्रम कमी होतात आणि पडद्यावरचा उष्मांकांचा आकडा खोटा ठरतो. कठडा धरावासा वाटणे ही वेग जास्त असल्याची खूण समजून तो कमी करावा. नजर पायांकडे न ठेवता समोर ठेवावी, पावले लहान टाकावीत. आपण जागच्या जागी धावत असल्याने अंगावरून वारा जात नाही, घाम वाळत नाही, आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत, विशेषतः मे महिन्यात, त्याच वेगाला नाडी बरीच जलद चालते. समोर पंखा हवा, आणि तो नसेल तर वेग अर्ध्या-एका आकड्याने उतरवावा. कपड्यांना अडकवायची लाल दोरी पुष्कळ ठिकाणी यंत्रावर नुसती लोंबत असते किंवा हरवलेली असते. ती लावलेली असली, तर आपण मागे सरकल्याबरोबर पट्टा थांबतो. आमच्याकडे काही भगिनी ओढणी घेऊनच पट्ट्यावर चढत. एकदा ओढणीचे टोक मागच्या रुळापर्यंत गेलेले मी पाहिले आणि धावत जाऊन बटण दाबले. ओढणी बाजूला काढून ठेवण्याची सूचना प्रत्येक व्यायामशाळेने लावावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. आमच्या व्यायामशाळेत दोन ट्रेडमिल आहेत आणि गर्दीची वेळ सायंकाळी सहा ते दहा. वीस मिनिटांच्या नियमाने एका यंत्रावर १२, म्हणजे दोन यंत्रांवर मिळून रोज २४ जणांची सोय होत असे, आणि सोमवार ते शनिवार प्रत्येकाला आठवड्याला १२० मिनिटे मिळत. मी व्यवस्थापक समितीपुढे असा प्रस्ताव ठेवला की त्याच २४ जणांचे दोन गट करावेत : एका गटाला सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि दुसऱ्याला मंगळवार, गुरुवार, शनिवार, आणि प्रत्येकाला सलग ४० मिनिटे द्यावीत. माणसे तेवढीच राहतात, मिनिटेही आठवड्याला तेवढीच, १२०, राहतात. फक्त ती अशी वाटली जातात की चालणे, धावणे आणि पुन्हा चालणे हे सारे एका वेळेत बसते आणि मधला दिवस पायांना विश्रांतीसाठी मिळतो. रविवार सर्वांना मोकळा ठेवावा, म्हणजे कोणाचा वार चुकला तर तो भरून काढता येईल. समितीतील काही ज्येष्ठ सभासदांना आरंभी शंका होत्या. रोज येण्याची सवय मोडेल असे त्यांना वाटत होते. त्यांचे म्हणणे रास्त होते, म्हणून ज्यांना रोज यायचे आहे त्यांच्यासाठी सकाळच्या वेळा पूर्वीसारख्याच ठेवल्या. ही व्यवस्था आता नऊ महिने चालू आहे. सायंकाळच्या यादीतील ज्या सहा-सात जणींनी पूर्वी दोन-तीन आठवड्यांत येणे सोडले होते, त्यांपैकी पाच जणी आजही येत आहेत.

आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. दर वर्षी जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या सुमारास वृत्तपत्रांतून धावण्याविषयी उत्साहाने लिहिले जाते. त्यात नवख्या माणसाने कोणत्या आकड्यापासून सुरुवात करावी, छातीत दुखणे, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवल्यास तात्काळ थांबून डॉक्टरांकडे जावे, आणि रक्तदाब, मधुमेह किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असणाऱ्यांनी आधी तपासणी करून घ्यावी, एवढे तरी ठळकपणे छापले जावे.

आमच्या संस्थेने तयार केलेला दोन गटांचा वेळफलक एका पानाचा आहे. हे पत्र वाचून कोणत्याही संस्थेच्या समितीला तो हवा असल्यास आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. मी त्याची प्रत पाठवीन.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)