दाखल्यावरचा शिक्का खोटा नाही, साहेब

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
मंत्रालय, मुंबई

विषय : मुंबईच्या जुन्या बोधचिन्हाची ओळख खिडक्यांवर बसणाऱ्यांना करून देणेबाबत.

महोदय,

स. न. वि. वि. मुलीच्या जात पडताळणीसाठी 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. माझ्याकडे आहे. वडिलांचा म्युनिसिपालिटीच्या शाळेचा दाखला, 1944 सालचा, चौथी पास. कोपऱ्यात ढाल आणि खाली लॅटिन अक्षरे : अर्ब्स प्रायमा इन इंडिस. गेल्या मंगळवारी खिडकीवरच्या गृहस्थांनी तो उजेडात धरला, मग स्वतःच्या मोबाईलमध्ये पाहिले आणि म्हणाले, "काका, लोगो जुळत नाही. हा महापालिकेचा नाही." कोणते कार्यालय ते लिहीत नाही. फाईल अजून तिथेच आहे.

जुळेल कसा? आज ढालीखाली 'यतो धर्मस्ततो जयः' आहे. 1944 साली इंग्रज होते आणि लॅटिनचा मान होता. त्या तीन-चार शब्दांचा अर्थ 'हिंदुस्थानातले पहिले शहर'. राजधानी 1911 पर्यंत कलकत्त्याला होती, तरी ही ऐट मुंबईची. (आम्ही गिरणगावातले लोक अजून तशीच मारतो.) महापालिकेची इमारत 1893 मध्ये उभी राहिली. स्टीव्हन्ससाहेबांनी बांधली, समोरचे व्हीटी स्टेशनही त्यांचेच. तिच्या दर्शनी माथ्यावर पंख पसरलेली जी दगडी बाई उभी आहे, तिचे नावच मुळी अर्ब्स प्रायमा. लोकलमधून उतरून मान वर केली की दिसते. ती खोटी, माझ्या बापाचा दाखला खोटा, आणि मोबाईलमधले चित्र तेवढे खरे?

नवे वाक्य महाभारतातले. युद्धाचे अठरा दिवस दुर्योधन जयाचा आशीर्वाद मागत राहिला, आणि गांधारी एवढेच म्हणाली : जिथे धर्म, तिथे जय. पोटच्या पोरालाही शिफारसपत्र दिले नाही! सर्वोच्च न्यायालयाचे ब्रीदही हेच. ज्या खिडकीवर मी उभा होतो तिथलेही डोळे बांधलेलेच होते, पण गांधारीने पट्टी निदान स्वतःच्या हाताने बांधली होती.

आठ खेटे झाले. रिक्षा, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र धरून दोन हजार तरी गेले, जास्तच असतील. एका खेपेला भोवळ येऊन जिन्यात बसलो. बीपीची गोळी घरी राहिली होती आणि पाणी मागावे तर कूलर बंद. मुलीची प्रवेशाची मुदत डोक्यावर आहे. वरच्या साहेबांनी तीन महिन्यांपूर्वी सांगितले होते, "जुन्या चिन्हांचे पत्रक काढतो, सगळ्यांना पाठवतो." ते पत्रक बहुधा कलकत्त्यामार्गे येत असावे.

मागणी तशी चिमूटभर आहे. एका कागदावर जुने चिन्ह आणि नवे चिन्ह शेजारी शेजारी छापा आणि प्रत्येक खिडकीला चिकटवा. 2025-26 चा महापालिकेचा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा होता. त्यात एक कागद आणि थोडा डिंक बसत नाही?

पण हे कागदाचे नाहीच, साहेब. तुम्हीच म्हणता जुना पुरावा आणा. आणला की म्हणता, फार जुना दिसतो. बॉम्बेचे मुंबई केलेत 1995 साली, आम्ही पेढे वाटले. पण नाव बदलणाऱ्यांनी बॉम्बेच्या काळात जन्मलेल्यांचे काय करायचे ते कुठे लिहून ठेवले आहे? गिरणीचा पास गेला, चाळ पुनर्विकासात गेली, रेशनकार्डाचा रंग बदलला. माझा बाप याच शहरात चौथी शिकला एवढे सांगणारा हा एकच कागद उरलाय, आणि तो ओळखणारा माणूस सरकारकडे नाही.

येत्या 17 तारखेला पुन्हा बोलावले आहे. दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेईन. लॅमिनेट केलेला नाही, कारण लॅमिनेट केलेला चालत नाही म्हणे.

आपला,
लालबागचा एक करदाता