जॉब कार्डावर तक्रार लिहून घ्या

संपादक महोदय,

नवी मोटारसायकल सदोष निघाली तर ग्राहकाला काय मिळू शकतं, यावर अधूनमधून लेख छापून येतात. पण ग्राहकाची बाजू ग्राहक आयोगापर्यंत पोचण्याआधी, सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच कशी लंगडी केली जाते, ते कुणी लिहीत नाही.

माझा मुलगा इथे गोव्यात फोंड्याहून बोरी पुलावरून वेर्णा औद्योगिक वसाहतीत कामाला जातो. चतुर्थीला घेतलेली त्याची गाडी इंजिन तापलं की चढावावर गचके खाते आणि बंद पडते. रात्रपाळी सुटून येताना, मागून टिप्पर येत असताना गाडी अशी बंद पडली की काय होतं, ते इथे दुचाकी चालवणाऱ्याला सांगायला नको. शोरूममध्ये नेली की गार इंजिनावर सपाट रस्त्यावर एक फेरी मारतात आणि ‘ओके’ म्हणून परत देतात. कारण मात्र दरवेळी नवं. कधी पेट्रोलात भेसळ, कधी पावसाचं पाणी, कधी ‘अजून रनिंग झालेलं नाही’. बाहेरच्या मेकॅनिकला दाखवायचीही सोय नाही, वॉरंटी जाण्याची भीती घालतात. देवाला गाऱ्हाणं घालायचं तेवढं बाकी राहिलंय.

खरी मेख जॉब कार्डात, म्हणजे गाडी आत देताना सर्व्हिस सेंटर तक्रार आणि काम लिहून घेतं त्या कागदात आहे. मुलाने सांगितलं, ‘तापल्यावर चढावाला बंद पडते’. कार्डावर लिहिलं गेलं, ‘जनरल चेकअप’. घरातली सगळी कार्डं काढून पाहिली, सगळ्यांवर तेच. म्हणजे कागदोपत्री ही गाडी कधी बंद पडलेलीच नाही! निर्मितीदोष सिद्ध करायची जबाबदारी शेवटी ग्राहकावर येते, आणि त्या वेळी कंपनीचा वकील हीच कार्डं पुढे करणार.

कायदा तसा दुबळा नाही. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. जिल्हा आयोग दोष दूर करायला, गाडी बदलून द्यायला किंवा किंमत परत करायला सांगू शकतो, वर नुकसानभरपाईही. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर प्रयोगशाळेकडून तपासणी करवून घेण्याचीही तरतूद आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही, म्हणजे बहुतेक दुचाक्या त्यात आल्या. पूर्वी विक्रेता असेल तिथल्या मंचाकडे धावावं लागायचं. आता ग्राहक राहतो तिथल्या आयोगाकडेही दाद मागता येते. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. सुरुवातीला 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलेली बरी, निदान तारखेची नोंद तरी राहते.

पण पर्वरीला किंवा मडगावला जिल्हा आयोगापुढे जाऊन उभं राहायचं तर हातात कागद हवा. म्हणून गाडी आत देतानाच तक्रार आपल्या शब्दांत कार्डावर लिहून घ्यावी, नाही लिहिली तर सही करू नये. गाडी बंद पडते तेव्हाचा मोबाइलवरचा व्हिडिओ, ईमेल आणि स्पीड पोस्टाने विक्रेत्याला व कंपनीला, दोघांनाही पाठवलेलं पत्र, हे सगळं जपून ठेवावं. काउंटरवरच्या पोराशी भांडण्यात अर्थ नाही, त्याला वरून जसं सांगतात तसं तो लिहितो.

आता प्रश्न सरकारला. वाहतूक खातं याच विक्रेत्यांना ट्रेड सर्टिफिकेट, म्हणजे नोंदणी न झालेल्या गाड्या बाळगायचा परवाना देतं. नागरी पुरवठा व ग्राहक व्यवहार खातं दरवर्षी 24 डिसेंबरला ग्राहक दिनाच्या गोष्टी करतं. ग्राहकाची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहायची आणि गाडी ताब्यात घेतानाच सहीशिक्क्याची प्रत त्याच्या हाती द्यायची, एवढा एक आदेश या दोन खात्यांनी मिळून काढायला काय अडचण आहे? आणि आदेश काढलाच, तर चतुर्थीच्या गर्दीत एखाद्या शोरूममध्ये अचानक जाऊन कार्डांची चळत उघडून बघावी.

— एक वाचक, फोंडा