अंजीर नॉनव्हेज? आधी पुरंदरला चक्कर मारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात परवा ती चौकट वाचली, प्रत्येक अंजिरात मेलेली गांधीलमाशी असते म्हणून ते नॉनव्हेज, आणि त्यानंतर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच फोटो सारखा फिरतोय. अर्धी गोष्ट खरी आहे म्हणूनच ती जास्त पसरते. तुर्कस्तानातून येणारं स्मर्ना जातीचं सुकं अंजीर माशीशिवाय धरतच नाही, अंजिराची फुलं फळाच्या आत असतात, या गांधीलमाशीची चिलटाएवढी मादी बुडाच्या बारीक भोकातून आत घुसते, घुसताना पंख तुटतात, परागकण टाकते आणि पुष्कळदा आतच मरते, मग फळातलं फिसिन नावाचं एन्झाइम तिला बऱ्यापैकी जिरवून टाकतं. कॅलिफोर्नियात हीच जात लावली तर फळं कच्चीच गळायची, 1899 मध्ये माशी आणून सोडली तेव्हा कुठे बागा लागल्या.

पण आपलं पुरंदरचं अंजीर, ज्याला 2016 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ते या जातीतलं नाहीच! त्याला परागीकरण लागत नाही, फळ आपोआप धरतं. दाताखाली कचकच लागतं ते बी असतं, माशीचे पाय नाहीत हो. अशा झाडाचं बी रुजत नाही म्हणून फाटे कलमच, म्हणजे फांदीचा तुकडाच लावावा लागतो, आणि हे काही आजचं नाही, जॉर्डन खोऱ्यात गिल्गालला साधारण 11,400 वर्षांपूर्वीची अशीच बिनमाशीची सुकी अंजिरं सापडलीत, म्हणजे गहू-जवाच्याही आधी माणूस अंजिराचे फाटे लावत असावा असं 2006 मध्ये संशोधकांनी मांडलं.

अंजिराचा भाऊबंद असलेल्या उंबरात किडे असतात हे आपल्याला लहानपणापासून माहिती, उगाच उंबर फोडून केंबरं काढू नये असं म्हणतातच. जैन मंडळी व्रत म्हणून अंजीर खात नाहीत तो विषय वेगळा, त्यांचा आदरच आहे. पण दिवे घाटाच्या रस्त्याला अंजिराच्या पाट्या मांडून बसणाऱ्या बाईला गिऱ्हाईक विचारतं "यात माशी आहे का", तिनं काय सांगायचं? आणि हा माल दोन-तीन दिवसात उतरतो, अफवा शांत व्हायची वाट बघत ठेवता येत नाही.

तेव्हा तेवढ्याच जागेत दुरुस्ती छापा ही विनंती. मीठा बहार, म्हणजे उन्हाळ्याकडचा अंजिराचा हंगाम, सुरू झाला की वार्ताहर पाठवा बागेत, फक्त त्याला सांगून ठेवा, फळ तोडताना चीक हाताला लागला की जाम खाज सुटते.

आपला,
एक वाचक, सासवड