चैत्रातील कुंड्या आणि ताटलीतले पाणी

महोदय,

फाल्गुन सरताच ठाण्यातील गॅलऱ्यांमध्ये कुंड्यांची निगा सुरू होते. मनीप्लांटला या दिवसांत नवी पालवी फुटत असल्याने मुळांनी भरलेली कुंडी बदलून गांडूळखत घालणे योग्यच. मात्र उन्हाच्या धास्तीने रोज ओतलेले पाणी मुळे कुजवते, हे मी दोन स्नेक प्लांट गमावून शिकलो. (त्यांची माती तर पूर्ण वाळू द्यावी लागते.)

कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची वाढ साधारण ८ ते १० दिवसांत पूर्ण होते आणि त्याची अंडी कडेला चिकटून राहतात, म्हणून ताटल्या दर आठवड्याला घासून कोरड्या करण्याचा आग्रह सोसायट्यांनी पावसाळ्याची वाट न पाहता आताच धरावा.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे